पंप त हाये ना बाप्पा

श्रावणातली संध्याकाळ. दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. काकाजी सपरीत डवऱ्याची पास, म्हणजे त्या औताचं पातं, घासत बसले होते. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून कोनाड्यात ठेवला होता. घरच्यांना आणि नेहमी येणाऱ्याजाणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं, त्यांचा होकारही घेतला होता. पहिले दोन दिवस सगळे त्या कोनाड्याकडे पाहून पाहून बोलले. तिसऱ्या दिवशी विसरले. चौथ्या दिवशी शेजारचा पोरगा आला आणि हे बोलणं झालं:

पोरगा: काकाजी, हाये का घरी?
काकाजी: हाव. ये ना, बस.
(०.५)
पोरगा: काय करून राह्यले?
काकाजी: काई नाई. बसलो.
पोरगा: नाई, म्हटलं, तुमचा पंप रिकामा हाये का उद्या?
(०.९)
काकाजी: पंऽप (०.३) पंप त हाये ना बाप्पा. पन त्याचं ते नोझल [गयते थोडसं
पोरगा: [नाई नाई, काम असन त राहू द्या.
काकाजी: परवा नेजो ना. परवा ने.
पोरगा: हाव. काई घाई नाई.

सारा मामला वीसेक सेकंदांचा. काय झालं म्हणून कुणाला विचारा, सांगतील की पोरानं फवारणीचा पंप मागितला, काकाजी म्हणाले परवा ने. पण एवढंसं बोलणं कागदावर उतरवायला मला दीड तास लागला. कंसातले आकडे म्हणजे शांततेचे सेकंद. चौकटी कंस जिथे आहे तिथून दोघं एकाच वेळी बोलतात. 'ऽ' म्हणजे अक्षर ताणलं. आणि 'गयते' म्हणजे गळते. हे सगळं लिहायचं कशाला, असं काकाजींनीही विचारलं होतं.

वरचं बोलणं पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. नकार दिलाय काकाजींनी, पण 'नाही' हा शब्द पंपाबद्दल त्यांच्या तोंडून एकदाही निघालेला नाही. 'नाई नाई' म्हणतो तो मागणारा. म्हणजे ज्याला नकार मिळतोय, तोच देणाऱ्याच्या वतीनं नाही म्हणून मोकळा होतो. आणि तेही नोझलचं कारण पुरतं ऐकून घेण्याआधी. मग त्याला कळलं कशावरून?

त्या ०.९ वरून. आणि 'पंप त' मधल्या 'त' वरून.

अशा गोष्टी शोधणाऱ्या विद्याशाखेला संभाषण विश्लेषण म्हणतात. तिचा उगम अमेरिकेत झाला, आणि तोही विद्यापीठाच्या वर्गात नाही. १९६३-६४ च्या सुमारास हार्वी सॅक्स नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्रात काम करत होता. जीव द्यायच्या विचारात असलेली माणसं तिथे फोन करायची आणि ते फोन टेप व्हायचे. केंद्रातल्यांची अडचण अशी की पुष्कळ लोक नाव सांगत नसत. त्यातली एक युक्ती सॅक्सच्या लक्षात आली. फोन घेणारा स्वतःचं नाव सांगून 'काय मदत करू' असं म्हणाला, की समोरचाही सहसा आपलं नाव सांगतो. पण एकानं त्या जागी 'तुमचं बोलणं ऐकू येत नाही' असं म्हटलं. फोन घेणाऱ्यानं आपलं नाव पुन्हा सांगितलं. फोन करणाऱ्यानं ते ऐकल्याची पावती दिली आणि बोलणं पुढे सरकलं. नाव सांगायची जी जागा होती ती निघून गेली. नकारही द्यावा लागला नाही, नावही द्यावं लागलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचा मोबाइल आठवला. वसुलीचा फोन आला की गावात एकाएकी रेंज जाते. "हॅलो... हॅलो... आवाज कटून राह्यला बावा." सॅक्सनं सांगितलं ते थोडक्यात असं: 'ऐकू येत नाही' हे कानाविषयीचं विधान आहे असं समजू नका. त्या जागी, त्या क्षणी ते कोणतं काम करतं ते पाहा.

सॅक्सबरोबर इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन हे दोघं होते. बोलणं कागदावर उतरवायच्या ज्या खुणा आज जगभर वापरल्या जातात, त्या जेफरसनबाईंच्या. त्या आधी टेप ऐकून टाइप करायची नोकरी करत. हसणं, श्वास, अडखळणं, सगळं त्या जसंच्या तसं उतरवत. १९७४ मध्ये तिघांनी मिळून एक लेख लिहिला. गप्पांमध्ये पाळी कशी बदलते, म्हणजे एकाचं संपतं कधी आणि दुसऱ्यानं सुरू करायचं कधी, हे कोण ठरवतं, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी सॅक्स अपघातात गेला. त्याची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली ती थेट १९९२ मध्ये.

पाळीचा हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. ग्रामसभेत सरपंच सांगतात कुणी बोलायचं. पानठेल्यावर कोण सांगतो? कुणीच नाही. तरी चार जण तासभर बोलतात, आणि पुष्कळ वेळा एका वेळी एकच बोलतो. (मान्य, आमच्या पानठेल्यावर कापसाच्या भावाचा विषय निघाला की हा नियम कोलमडतो. पण तेव्हाही कुणीतरी "अबे, त्याले बोलू त दे" असं म्हणतोच. नियम मोडल्याची तक्रार होते म्हणजे नियम आहे.)

आता त्या शांततेकडे येतो. २००९ मध्ये दहा भाषांतल्या खऱ्याखुऱ्या गप्पांमधले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मोजली गेली. त्यात इंग्रजी, डच, डॅनिश, इटालियन, जपानी, कोरियन होत्या. लाओसमधली लाओ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल होती, शिवाय नामिबियातली एक आणि पापुआ न्यू गिनीतली एक अशा मूठभर लोकांच्या भाषाही होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ. जपानी सर्वांत तडक, जवळपास शून्यावर. डॅनिश सर्वांत सावकाश, तरी अर्ध्या सेकंदाच्या आतच. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती. आमच्या सपरीतला हिशोब कुणीतरी करायचाच आहे.

यातली गंमत पुढे आहे. समोर गाईचं चित्र धरलं तर 'गाय' असं म्हणायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये अख्खं उत्तर कसं सुरू होतं? उत्तर एकच निघतं: समोरचा बोलत असतानाच आपण आपली तयारी केलेली असते. त्याचं वाक्य कुठे जाणार आणि कुठे थांबणार, हे आपण आधीच ओळखतो. ऐकणं आणि बोलायची तयारी ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात, तिफणीच्या मागे चालताना नजर तासावर आणि हात चाड्यावर असतो तशी.

या मोजमापात आणखी एक गोष्ट दिसली. होकारार्थी उत्तर लवकर येतं, नकार उशिरा. सगळ्या भाषांचा कल तोच. आणि ऐकणाऱ्यालाही हे मनातून ठाऊक असतं. म्हणून उत्तर लांबलं की ते काय येणार, ते ओळखू येतं. पोरानं विचारलं, पंप रिकामा आहे का. २०० मिलिसेकंद गेले, ४०० गेले, ९०० झाले. काकाजींनी तोंड उघडायच्या आत अर्धा निकाल लागला होता. गंमत म्हणजे पोराला तुम्ही नंतर विचारलंत की काकाजी किती वेळ गप्प होते, तर तो म्हणेल, "गप? कवा गप होते?" त्याच्या कानानं मोजलं, त्याला मात्र पत्ता नाही. या अभ्यासात लोकांना 'तुम्ही कसं बोलता' असं विचारून भागत नाही ते यामुळेच. टेपच लागते.

उरलेलं अर्धं काम 'त' नं केलं. 'पंप हाये' आणि 'पंप त हाये' यांत फरक केवढा! पुस्तकी मराठीत तो 'तर'. "पैसे तर आहेत", "पोरगा तर चांगला आहे", "यायचं तर होतं". यातलं एकही वाक्य पुरं झालेलं नाही, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'त' आला की मागून 'पन' येतोच. सोयरिकीच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी "स्थळ त चांगलंच हाये" असं म्हटलं की मध्यस्थ चहा संपवायच्या तयारीला लागतो. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेपटीला असतात. शेवटापर्यंत थांबलो तर उत्तर द्यायला उशीर होणार. म्हणून बहुधा आपले कान 'त', 'बी', 'च', 'ना' अशा बारक्या अक्षरांवर टेकलेले असतात. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना शब्दयोगी, केवलप्रयोगी अशा अडगळीच्या खोल्या मिळतात. गप्पांत मात्र गाड्याची खीळ तीच असतात.

मागणीची सुरुवात पाहा. "काय करून राह्यले?" समोर काकाजी पास घासताना ढळढळीत दिसतायत. तरी पोरगा विचारतो, आणि काकाजी म्हणतात, "काई नाई. बसलो." दोघंही शुद्ध खोटं बोलले म्हणावं तर तसंही नाही. तो प्रश्न कामाची चौकशी करत नाही, तो दार ठोठावतो: काही मागणं आहे, काढू का? आणि 'काई नाई' म्हणजे काढ. काकाजी "पास घासून राह्यलो, अंधार पडाच्या आत कराव लागते" असं म्हणाले असते, तर पोरानं पंपाचं नावच काढलं नसतं. "सहज आल्तो" म्हणून पाणी पिऊन गेला असता. मागणंही झालं नसतं आणि नकारही झाला नसता. अभ्यासक याला पूर्वक्रम म्हणतात. आपण त्याला अंदाज घेणं म्हणतो.

आणि मग ते माझं सर्वांत आवडतं, "नाई, म्हटलं". कुणी काही विचारलेलंच नाही तर 'नाही' कशाला? मी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये असे 'नाई' शोधत गेलो. उसनं मागताना, दवाखान्यात नेण्यासाठी गाडी मागताना, पोरीच्या लग्नाचा विषय काढताना, दरवेळी मागणारा आधी 'नाई' म्हणतो. माझा कयास असा, की समोरच्याच्या मनात उठणारी शंका तो आधीच पुसून टाकतो. मोठं काही नाही, सहज विचारतोय, नाही म्हटलं तरी चालेल. आणि 'म्हटलं' हा भूतकाळ, जणू हे मी मघाशीच मनात म्हणून टाकलंय, आत्ता तुमच्यावर लादत नाही. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तुमच्या घरच्या बोलण्यात तपासून पाहा, आणि चूक निघाली तर ती माझी.

हाक आणि ओ ही जोडीही अशीच. शेग्लॉफनं पोलिसांना आलेले सुमारे पाचशे फोन तपासले. फोन उचलणारा आधी बोलतो, असा नियम त्यानं मांडला आणि तो चारशे नव्याण्णव ठिकाणी बसला. एका ठिकाणी मोडला. तिथे उचलणारा गप्प राहिला आणि फोन करणाराच आधी बोलला. दुसरा कुणी असता तर पाचशेतला एक सोडून दिला असता. यानं त्या एकासाठी नियमच नव्यानं मांडला. फोनची घंटी ही हाक आहे, पहिलं 'हॅलो' ही तिला दिलेली ओ. ओ आली नाही की माणूस पुन्हा हाक मारतो. अमेरिकेतल्या विद्वानाला हे १९६८ साली लिहावं लागलं. मराठीत 'हाकेला ओ देणं' हा वाक्प्रचार केव्हापासूनचा आहे! आमच्या आजीचा तर दंडकच होता की तिन्हीसांजेनंतर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरी येऊ द्यायची. भूत एकदाच हाक मारतं. मोबाइल आल्यापासून मात्र 'हॅलो' नंतरचं पहिलं वाक्य बदललं. घरच्या फोनवर "कोन बोलते?" असायचं, आता "कुठी हायेस?" असतं. कोण ते पडद्यावर दिसतं, कुठे ते दिसत नाही.

आजीवरून हुंकार आठवला. रात्री अंगणात बाजेवर ती गोष्ट सांगायची तेव्हा आम्हा पोरांपैकी कुणीतरी 'हूं' देत राहायचं असा नियम. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आम्हाला वाटायचं, झोपलो का ते ती पाहते. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. एक जण संकटातून थोडक्यात बचावल्याचा प्रसंग सांगणार, दुसरा ऐकणार. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळंच काम दिलेलं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात एका ठरावीक अक्षरानं सुरू होणारे शब्द मोजायचे. हे लोक समोर बसलेले, कान देऊन ऐकणारे, पण गोष्टीत नव्हते. तर सांगणाऱ्यांच्याच गोष्टी बिघडल्या. शेवट तर फारच रखडला, तेच ते पुन्हा सांगू लागले. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या एकट्याची नसते. आमच्या 'हूं' नं आजीची गोष्ट निम्मी चालत होती.

आणि सगळे हुंकार सारखे नसतात. 'हूं' म्हणजे पुढे सांग. 'मंग?' म्हणजे लवकर सांग. 'हाव काय!' म्हणजे खरं वाटत नाही पण आवडलं. 'आव माय' मध्ये कणव आहे. आणि लांबवलेला 'हाऽव' जर पडत्या सुरात आला तर समजायचं, समोरच्याला आता उठायचंय. परीक्षेत कुणी 'होकारार्थी अव्यये लिहा' असा प्रश्न घातला तर पोरं 'हो' आणि 'होय' लिहून येतील. आमच्या एका शिक्षकांनी मला 'हाव' म्हटल्याबद्दल हातावर पट्टी मारली होती. पट्टी बसल्यावर मी काय म्हणालो असेन ते सांगायला नकोच.

न कळल्यावर आपण काय करतो, हेही मोजून झालंय. बारा भाषांतल्या गप्पांत सरासरी दर १.४ मिनिटांनी कुणीतरी 'काय म्हणालास?' अशा अर्थाचं काहीतरी विचारतं. इतक्या वेळा अडतं तरी आपल्याला अडल्यासारखं वाटत नाही, कारण दुरुस्ती तिथल्या तिथे होते. ती तीन प्रकारांनी करता येते. नुसतं "आं?" म्हटलं तर सगळं ओझं समोरच्यावर. "कोन म्हनले?" म्हटलं तर तेवढीच जागा दाखवली. "वरूडचा जावई म्हंता?" म्हटलं तर आपणच उत्तर पुढे केलं, त्यानं नुसता हाव म्हणायचा. माणूस जमेल तितका नेमका प्रकार निवडतो. कारण उघड आहे, समोरच्याचे कष्ट वाचतात. त्या 'आं?' बद्दल २०१३ मध्ये एक मजेशीर निष्कर्ष आला: एकमेकांशी काही नातं नसलेल्या भाषांतही हा शब्द जवळपास सारखाच ऐकू येतो. छोटा, तोंड न हलवता येणारा, चढत्या सुरातला. या संशोधनाला २०१५ चा इग नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं. आमच्याकडे थोरामोठ्यांना 'आं?' केलं तर उद्धटपणा होतो. तिथे 'जी?' म्हणायचं. भंडाऱ्याकडे गेलात तर 'जी' प्रत्येक वाक्यालाच चिकटलेला सापडेल.

'आं?' चा आणखी एक उपयोग विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं केला. १९६२ मध्ये तो न्यू यॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गीयांचं, एक स्वस्तातलं. तिथल्या विक्रेत्यांना तो विचारायचा की अमुक वस्तू कुठे मिळेल. उत्तर असायचं 'फोर्थ फ्लोर', आणि त्यातला 'र' उच्चारतात का, हे त्याला हवं होतं. उत्तर मिळालं की तो ऐकू न आल्यासारखं करायचा. दुसऱ्यांदा तेच लोक नीट, जपून बोलायचे आणि 'र' वाढायचा. हा प्रयोग आमच्या एसटी स्टँडवर फुकट चालतो. "पोट्टं कुठी गेलं?" "शायेत." "आं?" "शाळेत गेलं." ळ चा य होणारी आमची बोली दुसऱ्या खेपेला इस्त्री करून बाहेर पडते.

लबॉव्हचीच दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: लोक कुणाच्या नजरेखाली नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवंय, पण पाहायचं तर नजर ठेवावीच लागते. याला निरीक्षकाचा पेच म्हणतात. माझ्या पहिल्या दोन दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये काकाजी आकाशवाणीवरच्या कृषी अधिकाऱ्यासारखे बोललेत. "सोयाबीनवर किडीचा प्रादुर्भाव झालेला आहे." काकाजी! ज्यांनी जन्मात कधी 'प्रादुर्भाव' होऊ दिला नाही! ते दोन दिवस मी फेकून देणार होतो. नंतर वाटलं, साहेबापुढे गावचा माणूस कसा बोलतो, याचा तोच तर नमुना आहे.

जुन्या सर्वेक्षणांची मर्यादा इथेच दिसते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत आणि आजही ते कामाचे आहेत. पण मुख्य नमुना म्हणजे बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं त्या त्या बोलीत केलेलं भाषांतर. त्यातून 'मले', 'तुले' कळतं. नऊशे मिलिसेकंद कळत नाहीत.

त्याहून कितीतरी जुनं काम मात्र आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ऋद्धिपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं, त्यांच्याकडून आठवणी गोळा करून. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ, आणि तो पानोपानी बोलण्यानं भरलेला आहे. कुणी विचारलं, स्वामी काय म्हणाले, मग तो काय म्हणाला. आठवणीच्या चाळणीतून शब्द टिकले, थांबे गळून गेले. टेपशिवाय दुसरं काय होणार.

या शास्त्राचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी दवाखान्याचं उदाहरण देतो. २००७ मध्ये अमेरिकेत वीस डॉक्टरांबरोबर एक पाहणी झाली. रोगी एका तक्रारीसाठी येतो, पण त्याच्या मनात आणखी दोन असतात आणि त्या तशाच घरी जातात. काही डॉक्टरांना सांगितलं, 'एनी' हा शब्द घालून विचारा की आणखी काही आहे का. बाकीच्यांना सांगितलं, 'सम' घालून विचारा. इंग्रजीत 'एनी' चा ओढा नकाराकडे, 'सम' चा होकाराकडे. 'सम' वाल्यांच्या रोग्यांत न सांगितलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. 'एनी' वाल्यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. एका शब्दाचा हा परिणाम. मराठीत हे जसंच्या तसं उतरत नाही, आपला 'काही' दोन्हीकडे चालतो. पण "अजून काही नाही ना?" हा प्रश्न आपल्याकडे सर्रास ऐकू येतो, आणि त्यात 'नाही' आधीच भरून दिलेला आहे. म्हाताऱ्या बाईनं त्यावर "नाई जी" याखेरीज काय म्हणायचं? "अजून काय होते, माय?" असं विचारलं तर तिला बसायला जागा मिळते. हे कुणी मोजलेलं नाही. पण मोजण्यासारखं आहे, आणि खर्च शून्य.

एक खोट सांगितली पाहिजे. संभाषण विश्लेषणवाले म्हणतात, बोलण्यात जे दिसतं तेवढंच धरा, बाहेरून काही आणू नका. शिस्त म्हणून हे बरोबर आहे. पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सुनबाई जवळजवळ नाहीतच. कपबशीचा आवाज आहे, बांगड्यांचा आहे, आणि एकदा दाराआडून पोराला "बाबाजीले म्हना, चहा झाला". निरोप सासऱ्याला, बोलणं लेकराशी. ज्याला पाळीच मिळत नाही तो कागदावर कुठे दिसणार? तसंच रामरामाचं. एकानं राम राम म्हटलं की दुसऱ्यानं राम राम म्हणायचं, ही जोडी सोपी. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर विदर्भाच्या गावागावांत 'जय भीम' घालणाऱ्याला उत्तरात काय मिळतं, हा साधा अभिवादनाचा प्रश्न राहिला नाही. 'जय भीम' ला 'जय भीम' येतं, 'राम राम' येतं, की नुसती मान हलते? शांतता इथेही मोजता येते. ती तेवढी लांब का, हे घड्याळ सांगणार नाही, त्यासाठी गाव माहीत असावं लागतं.

कुणाला करून पाहायचं असेल तर घरापासून सुरू करा. परवानगी आधी घ्या, नको म्हणाले तर पुसून टाका. मुलाखत घेऊ नका, नुसतं चालू ठेवा. दोनच मिनिटं निवडा आणि ती अक्षर न सुधारता उतरवा. सर्वांत अवघड तेच जातं. हात आपोआप 'पन' चा 'पण' करतो, 'गयते' चं 'गळते' करतो, अडखळणं गिळून टाकतो. मी स्वतः पहिल्या खेपेला "पंऽप, पंप त" मधला पहिला पंप गाळला होता. काकाजी तिथे अडखळले हे मला ऐकूच आलं नव्हतं, सातव्यांदा ऐकल्यावर आलं.

कागद तयार झाला तसा मी तो काकाजींना वाचून दाखवला. ०.९ आल्यावर त्यांनी चष्मा काढला. "असं बोललो मी?" म्हणाले. मग रेकॉर्डिंग ऐकवलं. ऐकलं, हसले, पासेवरून बोट फिरवलं.

मी विचारलं, "काकाजी, नोझल खरंच गयत होतं का?"

ते गप्प राहिले. किती वेळ, ते मोजता आलं नाही, मोबाइल खिशात होता.

"नोझल," म्हणाले, "नोझल त गयतच होतं ना बाप्पा."